हत्तीवाले सुर्वे

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण होणार हे आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर ठरतं, अशी सुर्व्यांची प्रामाणिक समजूत आहे. बिल्डिंग सौदी अरेबियात, खोबरला. सुर्वे चिपळूणचे. अमेरिकेत त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नाही. तिथलं मत सोडाच, व्हिसासुद्धा नाही. पण तिकडची निवडणूक जवळ आली की हा माणूस वेडापिसा होतो. कोपऱ्यावरच्या बांगलादेशी भाजीवाल्याला कोथिंबीर निवडता निवडता बजावतात, "पेनसिल्व्हेनिया गया तो सब गया, भाईसाब!" तो बिचारा मान हलवतो आणि पिशवीत चार मिरच्या जास्त टाकतो.

सुर्वे अबकैकला तेलाच्या प्लांटमध्ये कंट्रोल रूम सांभाळतात. त्या प्लांटमध्ये साधा नट पिळायचा झाला तरी आधी परमिट काढावं लागतं. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की घरीसुद्धा सुटत नाही. मी विरजण मागायला गेले तरी दारात पहिला प्रश्न, "परमिट आहे का?" कुणी मोठ्याने हसलं की म्हणतात, "प्रेशर वाढलं, व्हॉल्व्ह उघडा." आयुष्य कॉम्प्रेसरच्या शेजारी गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे हे सगळं ते ओरडूनच सांगतात. फोनही कायम स्पीकरवर. त्यांच्या बँकेत काय चाललंय ते तळमजल्यापर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

आता सौदीतल्या मराठी माणसांनी अमेरिकेवरून का भांडावं, हे सांगायला हवं. आमचं इथलं मंडळ छोटं. पूर्वी आम्ही भारतातल्या राजकारणावरून भांडायचो. मग एका दिवाळीच्या फराळाला एका गृहस्थांनी दुसऱ्या गृहस्थांच्या नेत्याबद्दल काहीतरी म्हटलं, आणि एक चकली उडत जाऊन माझ्या नवऱ्याच्या, विनयच्या, चष्म्यावर बसली. त्या दिवशी ठराव झाला : देशातलं राजकारण खलास. इथल्या राजकारणावर बोलायचा तर प्रश्नच येत नाही, प्रत्येकाला आपला इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, प्यारा आहे. पण मराठी माणसाने भांडायचं तरी कशावरून? उरली अमेरिका. तिथे दोनच पक्ष, एकाची निशाणी हत्ती, दुसऱ्याची गाढव, म्हणजे समजायलाही सोपं.

सुर्वे हत्तीवाले. त्यांचे जुने मित्र डॉक्टर मुकादम गाढववाले. मुकादम खेडचे, हाडांचे डॉक्टर, माझ्याच हॉस्पिटलात. मी तिथे लॅबमध्ये रक्त काढते. मला विचाराल तर दोन्ही उमेदवारांनी मला सुट्टीच्या दिवशी झोपू द्यावं, एवढाच माझा जाहीरनामा आहे. पण निवडणुकीआधी तिकडे दोन्ही पक्षांची मोठी अधिवेशनं भरतात आणि त्यांत उमेदवाराचं मुख्य भाषण असतं तिकडच्या गुरुवारी रात्री, म्हणजे आमच्या शुक्रवारी पहाटे. आणि शुक्रवार इथे सुट्टीचा. सुर्वे म्हणतात, अमेरिकेने ही वेळ आपल्यासाठीच ठेवली आहे.

तर अशा शुक्रवारी फजरची, म्हणजे पहाटेची, अजान झाली की आम्ही डोळे चोळत त्यांच्या घरी जमतो. एसीखालचा सोफा हत्तीवाल्यांना, दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्च्या गाढववाल्यांना. पोहे एकाच कढईतले, पण ओलं खोबरं फक्त सोफ्यावर. विनय हत्तीवाला का झाला याचं खरं कारण हे खोबरं आहे.

भाषण ऐकण्याची सुर्वे-मुकादमांची पद्धत पाहण्यासारखी. हत्तीवाल्या उमेदवाराने भाषणात पाण्याचा घोट घेतला तेव्हा सुर्वे गहिवरले होते. "बघा, किती साधा माणूस! स्वतःच्या हाताने पाणी पितो." मुकादम म्हणाले होते, "खोटं बोलून घसा सुकलाय त्याचा." मग काही आठवड्यांनी गाढववाल्यांचं अधिवेशन आलं आणि त्यांचा उमेदवारही पाणी प्याला. मुकादम म्हणाले, "साधेपणा बघ, सुर्व्या." सुर्वे म्हणाले, "घसा सुकलाय." दोघांनाही यात काही वावगं वाटलं नाही.

मी ज्या शुक्रवाराबद्दल सांगतेय तो हाच. पण त्याआधीची एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

सुर्व्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली. एकुलती एक मुलगी केतकी शिकायला अमेरिकेत गेली, तिकडेच लग्न केलं, तिकडची नागरिक झाली. ती पक्की गाढववाली. एकदा साखर तपासायला आले असताना दंडाला पट्टा बांधलेल्या अवस्थेत सुर्वे मला म्हणाले, "हिची आई होती तेव्हा दोघी तासन्‌तास बोलायच्या. आई गेल्यावर माझ्या वाट्याला तीन प्रश्न आले. जेवलात का, गोळी घेतली का, झोप लागते का. हो, हो, हो. की ठेवला फोन. मग एकदा मी चुकून त्या हत्तीवाल्याचं कौतुक केलं. मला त्यातलं काय कळतंय! टीव्हीवर दिसला म्हणून बोललो. तर अशी भडकली, अशी भडकली, माझा चहा गार झाला, परत केला, तोही गार झाला."

"मग? मिटवलं की नाही?" मी विचारलं.

"मिटवू?" सुर्वे माझ्याकडे असे बघायला लागले की माझी शीरच चुकली. "मी दुसऱ्या दिवसापासून वाचायला लागलो."

तेव्हा मला वाटलं, काय हट्टी माणूस आहे, पोटच्या पोरीशी भांडणं उकरून काढतो. मी दुसऱ्या हातातून रक्त काढलं आणि विसरून गेले.

तर त्या शुक्रवारी गाढववाल्यांच्या उमेदवाराचं भाषण सुरू झालं. "माझी आई फार कष्टाळू होती," तो म्हणाला. मुकादमांनी रुमाल काढला.

"अलार्म!" सुर्वे ओरडले. "सगळ्यांच्याच आया कष्टाळू! महिनाभरापूर्वी आमच्यावाल्याची आई कष्ट करत होती तेव्हा तू जांभया देत होतास. एखादा आळशी आईचा उमेदवार दाखव, मुकादम, माझं मत त्याला."

"तुला मत आहे कुठे?"

"तुला तरी आहे?"

यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं. मग उमेदवार करांवर बोलला, शाळांवर बोलला, आणि प्रत्येक वाक्याला प्लास्टिकच्या खुर्च्या उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या आणि सोफा "बसा, परमिट नाही!" म्हणून गरजायचा. एक गाढववाले बाथरूमला गेले तर सुर्व्यांनी जाहीर केलं की त्यांच्या पक्षातून पहिला माणूस फुटला. शेवटी तिकडे छतावरून फुगे पडले. मुकादम म्हणाले, "बघ, सगळे पडले. तुमच्यावेळी अर्धे वरच अडकले होते." सुर्वे म्हणाले, "आमचे टिकाऊ आहेत." विनयने या मुद्द्यावर तावातावाने हात हलवला आणि पोहे गालिच्यावर सांडले.

आणि नेहमीप्रमाणे केतकीचा फोन आला. भाषण संपलं की ती भांडायला फोन करतेच. सुर्व्यांनी खुर्ची पुढे ओढली, शर्टाची बटणं नीट केली, घसा खाकरला आणि फोन लावला स्पीकरवर. "काय केतूबाई! ऐकलं तुमच्या गाढवाचं भाषण. एकदम भंगार!"

तिकडून आवाज आला, थकलेला. "हो बाबा. बोअर होतं. अ‍ॅक्च्युअली, आय थिंक तुम्ही बरोबर होतात. मी खूप विचार केला. या वेळी मी तुमच्यावाल्यांना व्होट करणार आहे."

सोफ्यावर एकच जल्लोष झाला. विनयने शिट्टी मारली. का मारणार नाही? आमच्या खोलीतल्या आजवरच्या सगळ्या आरडाओरड्यातून अमेरिकेत पडणारं हे पहिलं खरं मत होतं. मुकादमांनी कपाळाला हात लावला.

सुर्वे मात्र हलले नाहीत. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. मी लॅबमध्ये रिपोर्ट हातात घेतलेल्या लोकांचे चेहरे रोज बघते, मला तो कळला.

"बाबा? आहात ना?"

"आहे."

"मग आता काय, भांडण खलास." ती हसली. "जेवलात का?"

"हो."

"गोळी घेतली?"

"हो."

"झोप लागते ना? ओके. मग ठेवते."

"थांब!" सुर्वे एवढ्या जोरात ओरडले की टीव्हीच्या वरचं घड्याळ हललं. "ठेवते काय? परमिट कुणी दिलं? हत्तीला मत देणार तू? अक्कल गहाण ठेवलीस का? आजचं भाषण नीट ऐकलंस? त्या माणसाची आई किती कष्टाळू होती, माहितेय?"

खोलीत कुणाला काही कळेना. विनय तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

"बाबा! यू आर इम्पॉसिबल! इतकी वर्षं तुम्हीच मला सांगत होतात..."

"मी काय सांगत होतो ते सोड! तो पाणी कसा प्याला ते बघितलंस? स्वतःच्या हाताने! आणि शाळांचं काय म्हणाला तो, शाळांचं..." इथे सुर्वे अडले, कारण शाळांच्या वेळी ते ओरडत होते. त्यांनी मुकादमांकडे पाहिलं. मुकादम आयुष्यभराचे गाढववाले, पण त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सुर्व्यांच्या बऱ्या कानाशी वाकून शाळांचा मुद्दा सांगितला. सुर्व्यांनी तो तसाच्या तसा पुढे फेकला. तिकडे केतकीचा आवाज चढला. थकवा कुठल्या कुठे पळाला. "नो बाबा, लिसन! मला बोलू द्या आधी!" ती ओरडली, आणि सुर्वे खुर्चीत मागे रेलून बसले. इतके सुखात की मला बघवेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना हट्टी म्हटलं होतं.

मी विनयच्या हातातली बशी काढून घेतली आणि सगळ्यांना दाराकडे ढकललं. चपला हातात घेऊन दोन्ही पक्ष जिन्यात आले.

"पण मग आता सुर्वे कुठल्या पक्षात?" विनय कुजबुजला. "आणि आपण?"

"ते पोरगी ठरवेल," मुकादम चष्मा पुसत म्हणाले. "मी आजपासून हत्तीवाला. तो गाढववाला झाला तर इथे त्याला कुणी विरोधक नको का?"

बंद दारातून केतकीचं बोलणं ऐकू येत होतं, भरभर, न थांबता. मध्येच सुर्वे ओरडले, "नाही पटलं मला! परत सांग. पहिल्यापासून सांग!"