टिपणीसांचं दीपगृह आणि माझा गोंद

टिपणीसांच्या घरातून निघताना पाहुण्याला आधी चपला उलट्या करून झटकाव्या लागतात. मग पँट गुडघ्यापासून खाली चाचपावी लागते. बायकांना पदर झटका म्हणायचं धाडस त्यांच्यात नाही. तेव्हा ते नुसते पदराकडे संशयाने बघत दारात उभे राहतात. त्यावरून दुसऱ्या मजल्यावरच्या देवधरवहिनींनी एकदा त्यांना चांगलंच सुनावलं होतं. हे सगळं कशासाठी, तर एखादा ठोकळा कुणाच्या अंगाला चिकटून बाहेर जाऊ नये म्हणून.

ठोकळा म्हणजे लहान मुलांचा. प्लास्टिकचा, वर गुंड्या असलेला, एकावर एक बसवायचा. टिपणीस सत्तरीला आले आहेत.

डोंबिवली पूर्वेला आमची दारं समोरासमोर आहेत. त्यांनी नोकरीभर विम्याचे दावे तपासले. निवृत्त झाल्यावर नातवाच्या वयाच्या कुणाला तरी वाढदिवसाला द्यायला म्हणून एक सेट आणला, आत सगळं आहे ना हे पाहायला खोकं उघडलं, आणि त्या मुलाला शेवटी पाकिटातून पैसे गेले. तेव्हापासून हे चालू आहे. जुने सेट विकत घ्यायचे, धुवायचे, मोजायचे, कमी असलेले तुकडे कुठून कुठून शोधून भरायचे, एकदा स्वतः बांधायचे आणि मग विकायचे. बांधायची पायरी गिऱ्हाइकासाठी आहे असं ते सांगतात. बांधताना त्यांचा चेहरा बघितला की ते खोटं आहे हे कळतं.

धुतलेले ठोकळे ते गच्चीवर साडी अंथरून वाळवतात. शेजारी कुरडया असतात. एका उन्हाळ्यात कावळ्याने कुरडया सोडून त्यांचं लाल चाक उचललं, तेव्हा टिपणीस पाण्याच्या टाकीवर चढले होते. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी तेव्हा होत्या. त्या खालून शांतपणे म्हणाल्या, "अहो, उतरा. त्याला गाडी करायची असेल."

खरेदीला ते कुठेही जातात. वागळे इस्टेटमधल्या एका गोदामात चेपलेली खोकी स्वस्तात मिळतात, तिथले हमाल त्यांना ओळखतात. कोलशेतच्या टॉवरमधली मुलं शिकायला परदेशी गेली की मागे राहिलेले डबे आया काढून टाकतात, तिथे टिपणीस हजर. एका गेटवरच्या वहीत त्यांनी कामाच्या रकान्यात 'खेळणी तपासणी' असं लिहिलं. रखवालदाराला वाटलं, सरकारी माणूस. त्याने सलाम ठोकला. वर गेल्यावर त्यांनी त्या घरच्या बाईंची उलटतपासणी घेतली: हे कुत्र्याच्या तोंडात गेलं होतं का, उन्हात किती ठेवलं होतं, मुलगा दाताने तुकडे काढायचा का. बाईंनी डबा फुकट दिला आणि दार लावून घेतलं.

या नादाची मोठी माणसं ठाणे-कल्याण पट्ट्यात पुष्कळ आहेत हे मला त्यांच्यामुळेच कळलं. त्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे. महिन्याच्या एका रविवारी ती ठाण्याला एका हॉलवर जमतात, अदलाबदल करतात, भांडतात, इडल्या खातात. तिथे कुणी जुना सेट विकायला काढला की लोक एकच विचारायचे, टिपणीसकाकांनी तपासलाय का? हो म्हटलं की कुणी खोकं उघडूनही बघत नसे. नोकरीत त्यांना असा मान मिळाला नव्हता. तिथे त्यांच्यामुळे लोकांचे दावे फेटाळले जात. इथे लोक त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवून होते.

तो शब्द गेला. टिपणीसांनी गोंद लावलेला सेट विकला, असं त्या ग्रुपमध्ये आजही मानलं जातं. तो गोंद माझा होता. मी गप्प राहिलो.

मी कल्याणच्या एका शाळेत कार्यानुभव शिकवायचो. माझा सगळा जन्म गोंदात गेला. कागदी आकाशकंदील, पुठ्ठ्याची घरं, आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल. घरातही कपाचा कान, चष्म्याची काडी, चपलेचा अंगठा, जे सुटेल ते मी चिकटवतो. मुलगा म्हणतो, बाबा, एखादी वस्तू टाकून द्या की. माझ्या हाताला ते जमत नाही.

टिपणीस एका दीपगृहाच्या मागे होते. पांढरं-लाल, कमरेइतकं उंच, वर गोल सज्जा आणि सज्ज्याला बारीक कठडा. तो सेट कंपनीने केव्हाच बंद केलेला. ग्रुपमधल्या राधिका सामंत या कोलशेतच्या बाईंनी तो मागितला होता. त्यांनी लहानपणी हा सेट दुकानाच्या काचेआड पाहिला होता आणि तो कधीच मिळाला नव्हता. टिपणीसांनी तो तुकड्या-तुकड्याने जमवायला घेतला. काही वागळे इस्टेटमधून, काही कोलशेतमधून, कठड्याचे शेवटचे तुकडे कुणा अनोळखी माणसाकडून पोस्टाने. सुनंदावहिनी गेल्या त्या वर्षातलं त्यांचं हेच एक काम होतं. मी संध्याकाळी डोकावलो की ते म्हणायचे, "मास्तर, बसा, पण हात लावू नका." कुणी चुकून तुकडा उचललाच तर म्हणत, "दाबू नका, बसू द्या."

दीपगृह पूर्ण झालं, तपासून झालं. रविवारी राधिकाबाई गाडी घेऊन येणार होत्या. तीन भागांत सुटं करून त्या नेणार आणि घरी सगळं मोकळं करून स्वतःच्या हाताने पहिल्यापासून बांधणार, असं ठरलं होतं. आदल्या आठवड्यात टिपणीस बहिणीकडे टिटवाळ्याला गेले आणि तुळशीला पाणी घालायला म्हणून किल्ली मला देऊन गेले.

मी पाणी घातलं. खिडकी वाऱ्याने आपटत होती म्हणून लावायला गेलो. वळताना माझं कोपर सज्ज्याला लागलं.

आवाज फार मोठा झाला नाही. कठडा फरशीवर विखुरला. मी गुडघ्यावर बसून सगळे तुकडे गोळा केले. खोक्यावरच्या चित्रात बघून बसवायला लागलो. एक बसवला की शेजारचा निघे. माझी बोटं आता पूर्वीसारखी नाहीत. मग मी समोर माझ्या घरी गेलो आणि पांढऱ्या गोंदाची बाटली घेऊन आलो.

खरं सांगायचं तर लावून झाल्यावर मला समाधानच वाटलं. कठडा आधीपेक्षा घट्ट बसला होता. हलवून पाहिला, ढिम्म हलेना. मनात म्हटलं, टिपणीसांना सांगू तरी कशाला, काम पक्कं झालंय.

ते परतले त्या संध्याकाळी त्यांनी मला चहाला बोलावलं. टिटवाळ्याच्या गप्पा झाल्या. मग त्यांनी आपणहून कल्याणच्या कुणा गृहस्थाची गोष्ट काढली. त्याने म्हणे मुलांनी पाडू नये म्हणून आख्खा किल्ला गोंद लावून पक्का केला आणि विकायला आणला. टिपणीस सांगताना कपबशी खाली ठेवून बोलत होते. ज्या वस्तूचा जीव सुटण्यात आणि पुन्हा जुळण्यात आहे, तिला यांनी मारून टाकलं, असं काहीसं ते म्हणाले. "त्या माणसाला मी उंबरठा ओलांडू दिला नाही, मास्तर."

मी दीपगृहाकडे पाठ करून बसलो होतो.

त्यानंतर रविवारपर्यंत मी रोज सांगायचं ठरवत होतो. दार उघडायचो आणि जिन्यात कुणाचा तरी आवाज आला की परत लावायचो. बायको म्हणाली, बीपी वाढलंय का. मी म्हटलं, हो.

रविवारी राधिकाबाई आल्या. चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. दीपगृह पाहून त्या खाली जमिनीवरच बसल्या. टिपणीसांनी तळाचा भाग स्वतः घेतला, मधला त्यांच्या हातात दिला आणि सज्जा माझ्या. "मास्तर, जपून हं. सगळं मोकळं बसवलंय, धक्का लागला तर निखळेल."

लिफ्टमध्ये मी सज्जा छातीशी धरून उभा होतो. राधिकाबाई म्हणाल्या, काका, किती घाबरताय, सुटला तर पुन्हा लावू की. तेव्हा बोलायला हवं होतं. तीन मजले होते. तळमजला आला आणि मी सज्जा गाडीच्या सीटवर ठेवला. काही अडलं तर असावा म्हणून त्यांनी माझाही नंबर घेतला.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. कठड्याच्या सांध्यातून वाळलेला पांढरा गोंद स्पष्ट दिसत होता. राधिकाबाईंनी फक्त विचारलं होतं, काका, हे काय? बाकीच्यांनी एवढा संयम ठेवला नाही. कुणी लिहिलं, तपासलेल्या मालाची ही तऱ्हा. कुणी लिहिलं, आपले जुने सेटही आता उघडून बघायला हवेत. कुणीतरी हसणारी चित्रं टाकली. टिपणीसांनी मला बोलावून हे सगळं दाखवलं. मी वाचत होतो तेव्हा ते माझ्याकडे बघत होते की खिडकीकडे, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मग त्यांनी चष्मा लावला, एका बोटाने टाइप केलं आणि पाठवायच्या आधी मला वाचून दाखवलं: "चूक माझी आहे. सेट परत घेतो."

"तुमची कशी?" मी विचारलं.

"माझ्या घरातून गेला ना," ते म्हणाले.

दीपगृह परत आलं. ठाण्याच्या पुढच्या रविवारी ते गेले, लवकर परतले, त्यापुढे गेले नाहीत. ग्रुपवर आता कुणी त्यांना काही विचारत नाही. ज्यांना मी कधी पाहिलंही नाही अशा माणसांवर मला राग येतो, आणि मग तो राग कुणावर यायला हवा हे आठवतं.

काही दिवसांनी टिपणीस म्हणाले, मास्तर, हे तुकडे सोडवायचे आहेत, येता का मदतीला? मी त्या संध्याकाळपासून जातो आहे. वर्तमानपत्र अंथरलेलं असतं, दातकोरण्या आणि एक जुना टूथब्रश. ते चिकटलेल्या कठड्याचा एक जोड माझ्यापुढे ठेवतात, एक स्वतःपुढे. आम्ही कडेकडेने गोंद कोरतो. कधी एक तुकडा सुटतो, कधी एकही नाही. मध्ये ते टाकीवर चढल्याची गोष्ट निघते, वहिनींचं बोलणं निघतं, चहा होतो, बातम्या होतात. घाई त्यांना मुळीच नसते. मी उरक दाखवला तर मलाच थांबवतात. आज एवढं पुरे, उद्या बघू. मी दर वेळी मनाशी वाक्य जुळवून जातो आणि तसाच परत येतो. सांगितलं की तो उंबरठा मलाही बंद होईल, ही भीती.

परवा मला ते सोसेना. मी राधिकाबाईंना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. मग त्यांनी विचारलं, "काका, गोंद कुठला होता? पांढरा, की तो पटकन धरणारा?"

"पांढरा. शाळेत वापरतात तो."

"अहो, मग तो कोमट पाण्यात घातला की रात्रभरात सुटतो. सकाळी ठोकळे नव्यासारखे. आम्हाला हे टिपणीसकाकांनीच शिकवलंय."

मी म्हटलं, बरं. मी ग्रुपवर लिहू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझं मीच लिहीन, सगळ्यांना वाचता येईल असं लिहीन.

त्या संध्याकाळी गेलो तर वर्तमानपत्र अंथरलेलंच होतं. दोन जोड, दोन दातकोरण्या. मी न बसताच बोललो, "टिपणीस, गोंद मी लावला."

ते हातातला जोड उजेडाकडे धरून बघत होते. "दुसरं कोण लावणार? किल्ली तुमच्याकडेच होती."

"आणि हे पाण्यात सुटतं, हे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी जोड खाली ठेवला. वर्तमानपत्राची मुडपलेली कड हाताने सारखी केली, पुन्हा केली.

"सुटलं असतं की," ते म्हणाले. "एका रात्रीत सगळं सुटलं असतं. मग दुसऱ्या दिवशी काय केलं असतं?"

मी खुर्ची ओढली आणि बसलो. दातकोरणी हातात घेतली. कठड्याचे अजून बरेच तुकडे सोडवायचे आहेत.