मुळे सरांचं लस टोचलेलं कासव

आमच्या शेजारचे मुळे सर रोज सकाळी एका उलट्या घमेल्याला लस टोचतात.

हसू नका. हिरवं प्लास्टिकचं घमेलं, खाली चाकं, पुढे दोन डोळे, पाठीवर तांब्या-भांडं ठेवायला खाच. सर त्याला कासव म्हणतात. संगमनेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांचं सगळं आयुष्य रोबो शिकवण्यात गेलं, अजूनही शिकवतात. चहा घेता घेता ते कासवासमोर नवी वस्तू ठेवतात आणि जाहीर करतात, "आज केरसुणीची लस." कासव जातं, केरसुणीला धडकतं, मागे सरतं, गोंधळतं. मी म्हणते, "अहो, उचला ना त्याला." सर म्हणतात, "सोसू दे हो. सोसेल तर शिकेल."

त्यांचं म्हणणं असं, की शरीरात जसे रोगाशी लढणारे शिपाई असतात, तसे त्यांनी कासवाच्या डोक्यात बसवलेत. एक म्हणतो डावीकडे वळ, दुसरा म्हणतो मागे हो, तिसरा म्हणतो गप उभा राहा. ज्याचा सल्ला लागू पडतो त्याचा आवाज वाढतो, बाकीचे दबतात. आणि एकदा भेटलेला शत्रू कासव विसरत नाही. मी मनात म्हटलं, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ही पद्धत असती तर वरची टाकी केव्हाच गळायची थांबली असती.

दूधवाले बाळूभाऊ तर कासवाचे भक्तच. "बाई, पयल्या दिशी माझ्या कॅनला धडाकलं हुतं. आता लांबूनच वाट बदलतंय. लई याद हाय त्याला! आमची म्हस रोज त्याच खुंट्याला अडखळती."

एरवी मी असल्या खुळाला फार किंमत दिली नसती. पण हे खूळ होतं मुळे काकूंसाठी. पुण्याला त्यांना दुसरी किडनी बसवली. नवी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून रोज वेळेवर गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी अंगातली रोगाशी लढायची ताकद मुद्दाम कमी केलेली. साधं पडसंसुद्धा महागात पडायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, माणसं लांब ठेवा. सर दिवसभर खोकणाऱ्या पोरांत वावरणार, म्हणून त्यांनी स्वतःलाच पुढच्या खोलीत हद्दपार केलं आणि काकूंच्या खोलीत जायला कासव नेमलं.

मला एकच गोष्ट खटकायची. पुण्याहून आल्यापासून हा धट्टाकट्टा माणूस पाण्याची कळशीसुद्धा उचलेना. बाळूभाऊ दूध आत ठेवायचे, मी बादली सरकवायची, आणि साहेब कमरेवर हात ठेवून उभे. बाई गं, आजारी बायको की नवरा!

थंडीतल्या रविवारच्या दुपारी मात्र त्यांच्या ओट्यावर बसलं की माझी चिडचिड विरून जायची. साखर कारखान्याकडून मळीचा गोडसर वास यायचा, प्रवरेवरचा वारा पडदा हलवायचा, आणि त्या पिवळ्या उन्हात कासव हळूहळू आत जायचं, बाहेर यायचं. आतून काकूंची गुणगुण. सर डोळे मिटून ऐकत. नवराबायको दोघं एकाच घरात, आणि मध्ये ते घमेलं. बघता बघता मलाही पेंग यायची.

संक्रांतीला घोळ मी घातला. काकूंना हळदीकुंकवाला जाता येत नाही म्हणून जीव तुटला माझा. बँकेत जाण्याआधी त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर छान ठिपक्यांची रांगोळी काढून दिली. संध्याकाळी येऊन बघते तर कासव पाठीवर गोळ्या आणि पाणी घेऊन रांगोळीसमोर उभं. पुढे जाईना, मागे येईना. त्याने जन्मात रांगोळी पाहिली नव्हती. सरांना सकाळपासून शिंका, त्यांना आत जायची सोय नाही, काकूंना बाहेर यायची नाही. गोळ्यांची वेळ होत आलेली.

"आणा इकडे, मी तोंडाला फडकं बांधून देते," मी म्हटलं.

"तुम्ही बँकेच्या गर्दीतून आलात. जरा थांबा. ठरवू दे त्याला."

कासव डावीकडे वळलं, भिंतीला लागलं. मागे आलं. मला राहवेना. "अहो सर, एवढं काय? रांगोळीच तर आहे!"

"त्याला परकी आहे ना ती," सर हळूच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, काकूंच्या खोलीकडे बघत म्हणाले, "तिच्यात माझी किडनी आहे. कोणाला सांगू नका, लोक उगाच आरत्या ओवाळतात."

मी मटकन खाली बसले. कळशीचं कोडं तिथल्या तिथे सुटलं.

"एवढा संसार झाला आमचा," सर म्हणाले. "माझ्या घोरण्याची सवय झाली, चिडण्याची झाली. पण तिच्या शरीराच्या लेखी मी अजून परकाच. रोज गोळ्या देऊन समजूत घालावी लागते, असू दे, आपलाच आहे."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात कासव हललं. एक चाक रांगोळीवर टेकवलं, थांबलं, काही होत नाही म्हटल्यावर दुसरं टेकवलं, आणि माझे ठिपके तुडवत आत गेलं.

आतून काकूंचा आवाज आला, "आलं हो! घेतल्या गोळ्या. तुमच्यावरच गेलंय. आधी अडतं, मग येतं."

कासव परत आलं. चाकांना लागलेल्या रांगोळीच्या दोन पांढऱ्या रेघा काकूंच्या दारापासून सरांच्या पायांपर्यंत उमटल्या. मी फडकं घेऊन उठले.

"राहू द्या," सर म्हणाले. सदऱ्यावरून त्यांनी कुशीवर हात ठेवला आणि काकूंच्या दाराच्या पडद्याकडे बघत पुटपुटले, "सोस गं या परक्याला. सोसशील तर आपला होईल."