शेजारच्या जागेचं नियोजन

मूल प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत जातं, तेव्हा ते फक्त रस्ता ओलांडतं. समिती मात्र समुद्र ओलांडते.

बबडी अकरा वर्षांची. एक वाक्य पुरं करायला तिला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो. (वाक्य थांबून ऐकण्याजोगं असतं, पण तशी नोंद करायला शाळेच्या तक्त्यात रकाना नव्हता.) तिच्या शाळाबदलासाठी सात जणांची संक्रमण-नियोजन समिती नेमली गेली. समितीने प्रथम पायऱ्यांशेजारी उतार बांधण्याची शिफारस केली. बबडी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरते, असं आईने सांगितल्यावर 'उतारावरून अधिक वेगाने उतरेल' अशी समाधानाची नोंद झाली.

आई दर बैठकीत एकच विचारायची, "पण तिच्या शेजारी कोण बसणार?"

"ताई, तुम्ही फार पुढचं बोलता," मुख्याध्यापक म्हणाले. "आधी बाकाचा रंग तर ठरू द्या."

"रंग कुठलाही द्या हो. तिचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबेल असं कुणीतरी द्या."

आई काही पिच्छा सोडीना. शेवटी सरावदिन भरवला. शेजारी बसायला मूल मिळेना, तेव्हा समुपदेशक बाईच बाकात शिरल्या (वय त्रेपन्न, शिरायला मदतनीस दोन). बबडीने त्यांना आपलं अर्धं खोडरबर तोडून दिलं. मग म्हणाली, "बाई... तुमचं पेन... गळतंय." वाक्य पुरं होईस्तोवर निरीक्षण-तक्त्याचे तीन रकाने निळे झाले होते. (उरलेले अकरा वाचले, ते तिच्यामुळेच.) प्रयोग यशस्वी ठरला, मात्र वयोमर्यादेमुळे बाईंना वर्गात प्रवेश देता येईना.

मग वर्गातल्या बाकी मुलांच्या पालकांचं सर्वेक्षण झालं. एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस जणांनी सर्वांना सामावून घेणाऱ्या शिक्षणाला मनापासून पाठिंबा दिला. दोघांचे डोळे पाणावले. शेजारी कोणाला बसवावं, या प्रश्नावर मात्र प्रत्येकाने दुसऱ्याचं मूल सुचवलं. आपलं 'जरा अभ्यासातलं आहे'. समितीने हिशोब मांडला, तर प्रत्येक मुलाला सरासरी एक मत पडलं होतं. म्हणजे सगळीच मुलं योग्य. सगळी योग्य असताना एकालाच निवडणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय. सबब ती जागा सर्वांसाठी राखून, एकमताने रिकामी ठेवण्यात आली.

सोमवारी आईने खिडकीतून पाहिलं. बबडी बाकाच्या अगदी कडेला सरकून बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. येणाऱ्याला जागा पुरावी म्हणून.

वाचकहो, आईचं म्हणणं तुम्हाला पटलं आणि समितीचा रागही आला, या दोन्हींची नोंद घेतली आहे. आता फक्त आपल्या मुलाचं नाव आणि हजेरी क्रमांक सांगा.

नाही, शेजाऱ्यांच्या मुलाचं नको. त्यांनी आधीच तुमचं सुचवलंय.