किनाऱ्यावर बसवलेले नाना

जानेवारीचा दुसरा रविवार: श्री. वसंत कुलथे ऊर्फ नाना, राहणार मिल्टन, यांनी आमच्या परदेशस्थ मराठी मंडळाच्या सहल समितीला मेक्सिकोच्या प्रवाळ सहलीचा संपूर्ण आराखडा लेखी सादर केला. फेब्रुवारीची चार तारीख: समितीने तो आराखडा मंजूर केला आणि त्याच बैठकीत आराखडा करणाऱ्यालाच पाण्यात उतरण्यास मनाई केली. फेब्रुवारीची नऊ तारीख: मी या निर्णयाचा लेखी खुलासा मागितला, आजतागायत उत्तर नाही. जबाबदार व्यक्ती दोन. पहिले, समितीचे निमंत्रक श्री. शशांक बर्वे. दुसरा मी, कारण त्या बैठकीला मी हजर होतो आणि गप्प बसलो.

ज्यांचा नानांशी परिचय नाही, त्यांना प्रथम एक सूचना देणे माझे कर्तव्य आहे. नानांसमोर अंगठा वर करू नये. आपण ‘छान’ अशा अर्थाने अंगठा वर करतो. पाण्याखाली त्याच खुणेचा अर्थ ‘बुडी संपली, वर चला’ असा होतो. गेल्या दिवाळीच्या जेवणात कोणीतरी श्रीखंडाला दाद देण्यासाठी अंगठा दाखवला. नाना पुरी अर्धी टाकून उठले, हात धुतले, कोट चढवला आणि थेट पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेलो तर म्हणाले, “खूण मिळाल्यावर कारण विचारायचं नसतं, वकीलसाहेब. आधी वर यायचं, मग विचारायचं.”

मी वकील नाही. नागपूरच्या दिवाणी न्यायालयात चौतीस वर्षे कारकुनी करून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. हे मी नानांना अनेकदा सांगितले आहे. ते बोटांचे वर्तुळ करून ‘समजले’ अशी खूण करतात आणि पुन्हा वकीलसाहेब म्हणतात.

पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरण्याचे शिक्षण नानांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी घेतले. आधी तलावात आणि मग सप्टेंबरमध्ये पाणी भरलेल्या एका जुन्या खाणीत, जिथे नानांच्या शब्दांत सांगायचे तर “विचारसुद्धा गोठतात.” तिथून वर येताच त्यांनी पहिला प्रवास उबदार पाण्याचाच करायचा असे ठरवले आणि तयारीला लागले. मुखवट्यात पाणी शिरते की नाही हे पाहण्यासाठी ते तो लावून कांदे चिरू लागले. सून म्हणाली, “नाना, निदान दार लावून चिरा, पार्सलवाला घाबरून गेला.” रबरी पोशाख अंगावर बसतो का हे तपासण्यासाठी तो घालून त्यांनी एका सकाळी संपूर्ण ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला. समोरचे सरदारजी गाडी थांबवून विचारते झाले, “अंकलजी, सब ठीक है?” नानांनी फावडे बर्फात रोवले आणि बोटांचे वर्तुळ करून दाखवले.

पाण्यात कोणी एकट्याने उतरायचे नाही, जोडीनेच उतरायचे, असा त्या विद्येचा नियम आहे. त्या जोडीदाराला नाना भिडू म्हणतात. उतरण्यापूर्वी भिडूने भिडूचे पट्टे, बकले आणि हवा तपासायची. ही तपासणी नानांनी जमिनीवरही लागू केली. ग्रोसरीला निघताना ते माझ्या जॅकेटची चेन ओढून पाहतात, हातमोजे मोजतात आणि विंटर टायरला बुटाने ठोकर देतात. त्यांचे दुसरे वेड म्हणजे “श्वास रोखायचा नाही.” त्यांच्या बेसमेंटमध्ये नाशिकची एक विद्यार्थिनी भाड्याने राहते. तिच्या पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, निकाल महिनोन्महिने आलेला नाही. ती ईमेल उघडते तेव्हा नाना जिन्यावरून हेच वाक्य सांगतात. ती म्हणते, “नाना, श्वास चालूच आहे, अर्जच अडकलाय.”

आता आराखड्याविषयी. तो मी न्यायालयीन नजरेने वाचला आहे आणि त्यात एक कलमही सैल नाही. मार्च ब्रेकचा आठवडा, म्हणजे मुलांना शाळा बुडवावी लागणार नाही. पहिली बुडी उथळ पाण्यात, फक्त अंग सरावण्यासाठी. नवशिक्यांसाठी खोलीची मर्यादा. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभे राहायचे नाही, प्रवाळाला अपाय करणारे सनस्क्रीन चोपडायचे नाही. शेवटचा दिवस कोरडा, कारण बुडी मारून लगेच विमानात बसणे शरीराला धोक्याचे असते. या कलमावर बर्वे म्हणाले, “अख्खा दिवस फुकट घालवता, नाना.” नानांनी शांतपणे वैद्यकीय कारणाचा कागद पुढे सरकवला.

परिशिष्टात जोड्यांची यादी होती. तिच्यात नानांची भिडू म्हणून नाव होते सईचे. सई ही त्यांची नात, वय सोळा.

चार फेब्रुवारीच्या बैठकीत बर्वे जे बोलले ते मी त्याच दिवशी उतरवून ठेवले आहे. “प्लॅन एकदम फर्स्ट क्लास आहे. पण नानांना ऐकू येत नाही, हे आपण सगळे जाणतो. बोटीवर इन्स्ट्रक्टर काही बोलला आणि हे भलतंच करून बसले, तर रिस्पॉन्सिबिलिटी कोणाची? नानांनी मस्तपैकी बीचवर बसावं, सगळ्यांचं सामान सांभाळावं. सईला माझी बायको बडी म्हणून घेईल.” नाना चार खुर्च्या सोडून बसले होते आणि हसत होते. त्यांना काही कळले नाही असे समजून सर्वांनी हात वर केले. आक्षेप कोणीच नोंदवला नाही.

नानांना कमी ऐकू येते हे खरे आहे. परंतु पडदा शाबूत आहे, दोष मज्जातंतूचा आहे आणि पाण्यात उतरण्यास हरकत नाही, असे कानाच्या डॉक्टरांचे पत्र आराखड्याला जोडलेले होते. बोटीवरच्या सूचना त्यांना पाटीवर लिहून मिळतील, असे बोटवाल्यांनी लेखी कळवले होते. आणि ज्या ठिकाणी खाली गेल्यावर बर्व्यांसह कोणीच कोणाचे बोलणे ऐकू शकत नाही, त्या ठिकाणी जाण्यासाठी कानांची अट घालणे कोणत्या तर्कात बसते, हे मला अद्याप उमगलेले नाही.

बैठकीनंतर मी नानांना घरी सोडत होतो. काचेवरच्या वायपरकडे पाहत ते म्हणाले, “बर्व्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू येतो, वकीलसाहेब. जाड आहे ना. बारीक आवाज आधी जातात, डॉक्टर म्हणाला. सईचाच येत नाही.”

ते पुढे बोलत राहिले. सई इंग्रजीत बोलते, भराभर बोलते. एकदा ‘काय’ विचारले तर पुन्हा सांगते, दुसऱ्यांदा विचारले की “नेव्हर माइंड, नाना” म्हणून वर खोलीत जाते. कानातले यंत्र लावले तर भांड्यांचाच आवाज मोठा होतो. मग तिने डायव्हिंगच्या वर्गात नाव घातले, आणि नानांनीही घातले.

“तलावात पहिल्यांदा खाली बसलो दोघं. तिनं खुणेनं विचारलं, ठीक? मी म्हटलं, ठीक. मग किती हवा, थंडी वाजते का, ते बघ, हे बघ, थांब, चल. शेवटी तिनं काहीतरी विनोद केला, कोचची नक्कल. मला कळला, वकीलसाहेब. चाळीस मिनिटं बोललो आम्ही. एकदाही ‘काय’ म्हणावं लागलं नाही.”

मी म्हणालो, “नाना, आपण अपील करू.”

“नको. पोरीची ट्रिप बिघडेल,” ते म्हणाले. उतरताना त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि सौ. बर्वे यांच्याकडे पोचता करण्याची विनंती केली. तो बैठक चालू असतानाच, हसत हसत, आराखड्याच्या पाठकोऱ्या प्रतीवर लिहिलेला होता. मी तो पोचता केलेला नाही. इथे शब्दशः देतो:

“सईचा डावा कान उशिरा मोकळा होतो. खाली जाताना घाई करू नये. थंडी वाजली तरी ती नाही म्हणते. हातांच्या मुठी झाल्या की समजावे. भीती वाटली की खूण करत नाही, नुसती टक लावून पाहते. तेव्हा तिचे मनगट धरावे, बोटे धरू नयेत, लहान मुलीसारखे वाटते म्हणून ती चिडते. कासव दिसले तर आधी तिला दाखवावे. आपण नंतर पाहावे.”

माझी मागणी एकच आहे. या कागदातल्या पाच गोष्टींपैकी सहल समितीतल्या कोणाला किती ठाऊक होत्या, आणि हे सर्व ज्याला ठाऊक आहे त्याला किनाऱ्यावर बसवून सोळा वर्षांची मुलगी कोणाच्या भरवशावर पाण्यात सोडली जात आहे, याचे उत्तर श्री. शशांक बर्वे यांनी येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत उभे राहून द्यावे. सभेला नाना येणार आहेत. उत्तर त्यांच्याकडे तोंड करून द्यावे.