गुंडेरावांचा गूळ

गुंडेराव अर्जनवीस हातावर गुळाचा खडा ठेवायला आले, की आमच्या आळीतला माणूस आधी हात मागं घ्यायचा. कारण गूळ तोंडात विरघळायच्या आत गुंडेराव जाहीर करायचे, "मुबारक हो! तुमाला कुत्रं झालं." आणि लगेच त्या घरच्या कर्त्या पुरुषाचा जुना रुमाल नाहीतर पागोटं फाडायला मागायचे.

या बाळंतपणांमागं कारण होतं. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी सफाईचे दारोगा जुन्या जालन्यात कुचल्याचे विषारी लाडू घेऊन फिरायचे. ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टी असेल आणि 'हे माझं' म्हणणारा मालक असेल, ते सुटायचं. बाकीची लाडू खाऊन मरायची आणि संध्याकाळी गाडीतून कुंडलिका नदीपलीकडे जायची. आमच्या आळीतली मंडळी तशी फार कोमल मनाची. देवळात कीर्तनाला बसून भूतदयेवर माना डोलवायची आणि तिथून उठून दारोगांना सांगून यायची, की यंदा जरा आमच्याकडं आधी या.

गुंडेरावांनी उभा जन्म तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिले होते. म्हातारपणी कचेरी सुटली, अर्ज सुटला नाही. आता ते कुत्र्यांच्या वतीनं तोंडी अर्ज करीत घरोघर फिरायचे. कुणी 'बेवारशी कुत्री' म्हटलं की खवळायचे. "बेवारस माल असतो, जान न्हाई! ह्याला वारस लावायचा राह्यलाय फकस्त. बराबर की न्हाई?" असं विचारून ते उत्तराची वाट बघत नसत. रुमालाला हात घालत.

सरकीचे व्यापारी किसनशेठ आधी अंगावर धावून आले होते. पण समोरच्या पेढीवाल्याच्या नावाचं कुत्रं तगडं निघालं आणि शेठजींची झोप उडाली. "आमच्या नावाचं असं मरतुकडं कसं? बाजारात काही इज्जत आहे की नाही आमची?" त्या इज्जतीपायी शेठजींच्या कुत्र्याला रोज दूध सुरू झालं. गुंडेरावांना हेच हवं होतं. बाजूच्या गल्लीतले हकीमसाहेब तेवढे सरळ. "कुत्ता घर में नै आना, मगर भूका बी नै मरना," म्हणून त्यांनी शेरवानीच्या अस्तराची पट्टी काढून दिली आणि वर खरजेवर लावायला करंजाचं तेल दिलं.

कुत्र्यांसाठी भाकरी गोळा करतानाही गुंडेरावांचा थाट मानकऱ्याचा. आमच्या हिनं एकदा करपलेली भाकरी दिली, तर ती उलटीपालटी करून म्हणाले, "वैनी, पक्षकार तक्रार करून राह्यलेत." ही घरात येऊन माझ्यावर तडकली, आणि दुसऱ्या दिवसापासून गुपचूप नीट भाजलेली भाकरी देऊ लागली.

मला मात्र कुत्रं होत नव्हतं. मी गूळ खायचो आणि रुमाल द्यायचो नाही. कारण आळीभर कुत्री वाटणाऱ्या या गृहस्थाच्या स्वतःच्या नावावर एकही नव्हतं. दुसऱ्याचं पागोटं फाडून पुण्य जोडण्याची ही तऱ्हा मला फार गमतीची वाटायची, आणि चारचौघांत मी ती रंगवून सांगायचो. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "वकील कधी पक्षकार होतो का, मास्तर?"

एका वर्षी सगळ्या कुत्र्यांना वारस लागले, एक लंगडी कुत्री तेवढी राहिली. अंगावर केस कमी आणि जखमा जास्त. तिच्यासाठी गुंडेराव गूळ घेऊन दारोदार फिरले. लोकांनी दारं लावून घेतली. किसनशेठ म्हणाले, "आमच्या पागोट्याला शोभेल असं काही आणा." अशात एका सकाळी दारोगा टोपली घेऊन आळीच्या तोंडाशी उभे राहिले.

गुंडेराव आपल्या ओट्यावर बसले होते. लंगडी त्यांच्या गुडघ्यांत दडलेली. तिच्या मोकळ्या गळ्यावर त्यांनी दोन्ही हात ठेवले होते.

"हिचा मालक कोण?" दारोगांनी विचारलं.

आळी गोळा झाली होती. अशी संधी मी कशाला सोडू? मी मोठ्यानं म्हणालो, "काका, खांद्यावर उपरणं आहे की! आज एकदा स्वतःचं फाडा!"

लोक खो खो हसले. गुंडेरावांनी उपरण्याला हात लावला आणि पुन्हा खाली घेतला.

"न्हाई मास्तर, माझं नको," ते म्हणाले. आवाज कचेरीतला नव्हता. "माझ्या नावावर बायको होती, दोन लेकरं होती. पटकी आल्ती तवा तिघंबी गेली. मंग एक गाय आनली, तीबी गेली. माझं नाव लागलं की टिकत न्हाई कुनी. लोकाच्या नावावर तरी जगंल, म्हनून तर हिंडून राह्यलो."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं शेजारी राहून मला त्या घरात कधीतरी लेकरं होती हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मी डोक्याचा रुमाल काढला. तो नवा होता, आणि आमच्या हिनं हौसेनं घेतलेला होता. टरकन पट्टी फाडली आणि लंगडीच्या गळ्यात बांधली. "माझी आहे," मी दारोगांना सांगितलं. ते पुढं गेले.

गुंडेराव घरात जाऊन गूळ घेऊन आले. माझ्या हातावर खडा ठेवला. "मुबारक हो, मास्तर," ते म्हणाले. "मुलगी झाली."

लंगडी माझ्या नावावर राहिली आणि गुंडेरावांच्या उंबऱ्यात झोपू लागली. रोज दिवेलागणीला भिंतीपलीकडून हाक यायची, "मास्तर! तुमची लंगडी आल्ती हिकडं. हाकलू का?"

"आजच्या दिवस राहू द्या, काका."

"बरं. पन तुमची आहे हां. तुमची!"

हे 'तुमची' ते आभाळाकडं तोंड करून, मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे. वर कुणी ऐकत असेल, तर त्याचा गैरसमज होऊ नये म्हणून.