टपाची गाडी, बिनटपाची गाडी

शनिवारी सकाळी टिकाराम बुराड्यांच्या अंगणात एका लांबलचक ट्रकमधून दोन गाड्या उतरल्या. एक पिवळी, मागे उतरत जाणाऱ्या पक्क्या टपाची. दुसरी लाल, बटण दाबलं की टप घडी होऊन मागे जाणारी. दोन्ही इतक्या बुटक्या की गोठ्यातल्या गाईनं त्यांच्याकडे मान खाली घालून पाहिलं. आणि दोन्हींत माणसं बसणार फक्त दोन. लाखांदूरपासून आत असलेल्या त्या गावात दहा माणसं भरल्याशिवाय जीप जागची हलत नाही. तिथे ही गोष्ट समजावून सांगता सांगता विक्कीचा घसा बसला.

विक्की हा टिकारामांचा एकुलता एक मुलगा. धंदा हार्वेस्टरचा. धानाच्या हंगामात तो दिवसभर ताशी चार किलोमीटर वेगानं बांध्यांमधून फिरायचा, त्यामुळे उरलेल्या वर्षात त्याला जोरात जाण्याची भारी हौस असे. गेल्या वर्षी एका मित्रानं त्याला नागपूरकडच्या रेसच्या ट्रॅकवर नेलं. तिथे महिन्यातून एक रविवार कुणीही पैसे भरून आपली गाडी हवी तेवढी पळवावी. याला ट्रॅक डे म्हणतात. विक्कीनं घरची साधी गाडी नेली आणि तिला सगळ्यांनी मागे टाकलं, एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तर दोनदा. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा ट्रॅक डे होता आणि यावेळी खऱ्या स्पोर्ट्स कारमधूनच जायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

"गोल गोल फिराले पैसे भरतेत?" टिकारामांनी विचारलं होतं. "मंग पोचतेत कुठी?"

"कुठीच नाही, बाबा. जेथून निंगाले तेथीच येतेत."

"आपले बैल मळणीत तेच करत. त्याईले आपण उलट सरकीची ढेप चारत होतो."

तरी त्यांनी नाही म्हटलं नाही, कारण वेगाचं वेड त्यांच्याकडूनच आलेलं. तरुणपणी टिकाराम शंकरपटातले, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीतले, नावाजलेले धुरकरी होते. बैल वाऱ्यासारखे पळवायचे. एकदा छकड्यावरून पडले आणि उजवा गुडघा कायमचा अधू झाला. मात्र घरात चार पायांचं किंवा चार चाकांचं काहीही आणायचं तर पसंती त्यांचीच.

विक्कीला पिवळी हवी होती. टप पक्कं असलं की गाडीचं अंग घट्ट राहतं, वळणावर ती पिळवटत नाही, हे त्यानं फोनवर शंभर वेळा पाहिलं होतं. त्याची बायको रुचिका मात्र लाल गाडीवर अडून बसली होती.

"दोनच जागा हायेत त निदान आत कोण बसलं ते त लोकाईले दिसू द्या," ती म्हणाली.

टिकारामांनी दोघांचं ऐकलं आणि गाड्या विकायला आलेल्या भय्याजींना सांगितलं, "बैल दोन दिवस दावणीले बांधून पायल्याशिवाय आमी घेत नाही. दोन्ही ठेवून जा."

भय्याजींनी आजवर गाड्या पुष्कळ विकल्या होत्या, पण दावणीला कधी बांधल्या नव्हत्या. त्यांनी डोकं खाजवलं.

"ठेवतो. उद्या चार वाजता येतो. पण एक बात साफ सांगतो. ज्या गाडीले ओरखडा पडन, डाग पडन, वास जरी लागन, ते गाडी तुमची. दुसरी मी घेऊन जाईन."

ट्रक गेल्यावर पारख सुरू झाली. टिकारामांनी दोन्ही गाड्यांना प्रदक्षिणा घातली, पाठीवरून हात फिरवला, वाकून खाली पाहिलं. मग ते पिवळ्या गाडीत बसले. बसले म्हणजे पडले. बाहेर निघताना गुडघा आतच राहिला आणि बाकीचे टिकाराम बाहेर. विक्कीनं काखेतून आणि मनकर्णाबाईंनी कमरेतून धरून नवऱ्याला ओढून काढलं. लाल गाडीचं टप विक्कीनं बटण दाबून मागे सारलं होतं. तिच्यातून टिकाराम सरळ सीटवर उभे राहिले आणि पुढाऱ्यासारखे चौफेर पाहून उतरले.

"लाल," ते म्हणाले, आणि पान खायला गेले.

विक्कीला रात्रभर झोप आली नाही. बाबांचा शब्द मोडणं शक्य नव्हतं. पण पहाटे त्याला भय्याजींची अट आठवली आणि तो उठून बसला. वास जरी लागला तरी गाडी तुमची. म्हणजे पिवळ्या गाडीला वास लागला की बाबांचा शब्दही मोडणार नाही आणि गाडीही मिळेल.

सकाळी तलावावरून गोपीचंद मासे घेऊन आला तेव्हा विक्कीनं त्याला कोपऱ्यावरच गाठलं आणि दोन किलो झिंगे घेतले. पिशवी पिवळ्या गाडीच्या डिकीत ठेवली, डिकी बंद केली आणि आपल्यावर संशय नको म्हणून शेतावर निघून गेला. मार्चचं ऊन चढत होतं. चार वाजेपर्यंत डिकीजवळ नाक नेण्यासारखं राहणार नव्हतं.

अकराच्या सुमारास गोपीचंद परत जाताना दारात थांबला.

"मावशी, झिंगे रांधले का? विक्कीनं दोन किलो नेले. म्या म्हटलं, आज चतुर्थी अन् याच्या घरी झिंगे?"

मनकर्णाबाईंची चतुर्थी कडक असे. त्या दिवशी घरात मासळीचं नावही चालत नसे. सासू-सुनेनं जोडीनं सगळं घर पालथं घातलं. झिंगे सापडेनात. शेवटी रुचिकेनं खिळ्यावरची किल्ली काढून पिवळ्या गाडीची डिकी उघडली आणि दोघींनी एकदम पदर नाकाला लावला.

"विसरला वाटते पोट्टा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "वास लागला त हे गाडी आपल्या गळ्यात पडन. अन् तुह्या मामाजीले त लाल पसंत हाये."

त्यांनी डिकी साबणाच्या पाण्यानं तीनदा पुसली. वर पाच अगरबत्त्या फिरवल्या. आता प्रश्न राहिला झिंग्यांचा. घरात नेता येत नव्हते, फेकवत नव्हते, आणि जमिनीवर ठेवले तर मांजर.

"आत्याबाई, लाल गाडीत ठेवा न," रुचिका म्हणाली. "थंडी सावली हाये सीटखाली. मोकळी हवाही लागते."

मनकर्णाबाईंना हे पटलं. त्यांनी पिशवी लाल गाडीत ठेवली, मांजर शिरू नये म्हणून दोन्ही दारं ओढून घेतली, कुलूप लागल्याची खात्री केली आणि किल्ली कमरेला खोचून आडव्या झाल्या. टप कालपासून मागेच आहे आणि गाडीला वरून काहीच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. कुलूप मात्र पक्कं होतं.

पहिला कावळा साडेबाराला आला. त्यानं बाकीच्यांना बोलावलं. मग दोन मांजरं आली. मांजरांच्या मागे कुत्रं आलं आणि तिथे जो तंटा झाला त्याचं मैदान दोन चामड्याच्या सीटा हे होतं.

विक्की पावणेचारला परतला. तो थेट पिवळ्या गाडीकडे गेला, डिकी उघडून त्यानं लांब श्वास घेतला आणि त्याला देवळात आल्यासारखं वाटलं. मग त्याची नजर लाल गाडीवर गेली. स्टेअरिंगवर एक कावळा बसला होता.

तेवढ्यात भय्याजींचा ट्रक आला. भय्याजींनी लाल गाडीत एकदाच डोकावलं.

"बधाई हो," ते म्हणाले. "लाल तुमची."

"पण भय्याजी, पिवळीलेही वास हाये," विक्की काकुळतीला आला. "डिकीत सुंगून त पाहा. नीट सुंगा."

भय्याजींनी डिकीत नाक घातलं. "अगरबत्तीचा हाये. याच्यावर आपलं काही म्हणणं नाही."

झिंगे डिकीत होते हे विक्कीला माहीत कसं, असं कुणी विचारलं असतं तर पंचाईत होती, म्हणून त्यानं झिंग्यांचं नाव काढलं नाही. टिकाराम खुशीत होते. "म्या त कालच सांगतलं होतं," ते म्हणाले. पिवळी गाडी ट्रकवर चढली आणि गेली. विक्की ती वळणाआड होईपर्यंत पाहत राहिला.

संध्याकाळी सीटा धुता धुता त्यानं मनाची समजूत घातली. पिळवटली तर पिळवटली, शेवटी स्पोर्ट्स कारच आहे. डॉक्टरीणबाईंना तर मागे टाकता येईल. त्यानं ट्रॅकवाल्यांना फोन करून नवी गाडी कळवली.

"उघडी आहे का?" पलीकडून विचारणा झाली. "मग डोक्यामागे लोखंडी बार बसवलेला पाहिजे. गाडी उलटली तर डोकं वाचलं पाहिजे ना. बार नसेल तर ट्रॅकवर घेत नाही."

विक्की स्वयंपाकघरात गेला. रुचिका चतुर्थीचा उपास सोडायला मोदक करत होती.

"उघडी गाडी तेथी चालतच नाही," तो म्हणाला.

"मले माहीत हाये."

"तुले कसं?"

"त्याईचे नियम तुमीच मले पाठवले होते न, वाच, किती भारी हाये म्हणून. म्या वाचले. तुमी नाही वाचले."

"मंग सांगतलं काहून नाही?"

रुचिकेनं हातातला मोदक खाली ठेवला. "मागच्या खेपी तुमी गेले त सकाळपासून सांजवरी फोन बंद. मी दिवसभर तो फोन हातात घेऊन बसली. वरणात दोन खेपा मीठ टाकलं, मामाजी मुकाट्यानं जेवले. त्याईचा गुडघा मी रोज चोळून देतो. तुमचं काही झालं त मी काय चोळू?"

विक्कीला राग आला. मग बरं वाटलं. मग बरं वाटल्याचाही राग आला. तो बाहेर जाऊन पुन्हा सीटा धुऊ लागला.

पुढच्या रविवारी, ट्रॅक डेच्या दिवशी, तो रुचिकेला लाल गाडीत बसवून गोसीखुर्दचं धरण दाखवायला निघाला. आपला राग त्यानं गाडी चालवण्यात दाखवला, म्हणजे ती तिसाच्या वर जाऊच दिली नाही. रुचिकेनं नवी साडी नेसली होती आणि टपाशिवाय ती सगळ्यांना दिसत होती. तणसानं भरलेल्या ट्रॅक्टरनं त्यांना मागे टाकलं. वर बसलेल्या बाया वळून वळून हसल्या. मग एसटी गेली. शेवटी जुन्या लुनावरचे एक म्हातारे शेजारून जाताना हळू झाले आणि त्यांनी आपुलकीनं विचारलं, "बंद पडली का, बाई? धक्का देऊ?"

ते पुढे निघून गेले. रुचिका लुना दिसेनाशी होईपर्यंत समोर बघत राहिली.

"अवो," ती म्हणाली, "तो बार बसवाले किती दिवस लागतेत?"