तीन राजवाडे, दोन सागरी नगरे आणि केळुसकर दांपत्य

कोपर येथील श्री. सुदेश केळुसकर शासकीय अभिलेख कक्षातून तेहेतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी चित्राबाई यांच्या निवृत्तीला पाच महिने झाले होते. चित्राबाईंनी डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. या काळात त्यांनी फळ्यावर सुमारे सातशे राजवाडे काढले, दरबार भरवले, सिंहासनं उलथवली. पण स्वतः एकाही राजवाड्याच्या पायरीवर पाऊल ठेवलं नव्हतं. शाळेची सहल दरवर्षी निघे आणि दरवर्षी बिस्किटांच्या कारखान्यात जाई, कारण तिथे बिस्किटं मिळत. समुद्राचंही तेच. खाडी घरापासून वीस मिनिटांवर होती. पण खाडीला समुद्र म्हणायचं नाही, हे बाईंनीच भूगोलाच्या ऑफ तासाला मुलांना बजावलं होतं.

म्हणून बंगळुरूला असलेल्या त्यांच्या मुलीनं, समीक्षानं, आईवडिलांसाठी एका कंपनीची ‘खासगी राजेशाही दिवस-सहल’ ठरवली. तीन ऐतिहासिक राजवाडे, दोन सागरी नगरे, एक दिवस. कार्यक्रमपत्रिका अकरा पानांची होती. केळुसकरांनी ती पेन्सिल घेऊन दोनदा वाचली आणि शेवटचं पान कोरं आढळल्यावर त्यावर ‘हे पान कोरे आहे’ असं लिहून खाली सही केली.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी सहा वाजता पांढरी गाडी सोसायटीच्या दाराशी आली. चालक आणि मार्गदर्शक अशी दोन्ही पदं एकाच माणसाकडे होती. त्याचं नाव ऑस्वल्ड. चाळिशीचा, उत्तनचा, अंगात कंपनीचा जांभळा राजेशाही कोट आणि त्याखाली रबरी चपला. गाडीत पाहुण्यांचं खासगीपण जपण्यासाठी दोन कॅमेरे बसवले होते. निघण्यापूर्वी ऑस्वल्डला बावीस अटी मोठ्यानं वाचून दाखवाव्या लागल्या, आणि प्रत्येक अटीनंतर दोन्ही पाहुण्यांनी ‘समजलं’ म्हटल्याशिवाय त्याच्या फोनमधलं ॲप पुढची अट उघडत नव्हतं. चौदाव्या अटीला चित्राबाईंना ठसका लागला, तेव्हा ॲपनं पहिल्या अटीपासून पुन्हा सुरुवात केली. गाडी हलली तेव्हा पावणेसात झाले होते.

माणकोलीच्या पुलावर वाहनं स्थिर होती. पूल ओलांडल्यावर ती अधिक स्थिर झाली. माजिवड्याला पोचेपर्यंत साडेनऊ वाजले, आणि बरोबर साडेनऊला फोनमधून एका प्रसन्न बाईचा आवाज आला. ती म्हणाली, अभिनंदन, आपण पहिल्या राजवाड्यात पोचला आहात. पंचेचाळीस मिनिटांत राजवाड्यासमोर हसतमुख छायाचित्र काढून आपली उपस्थिती सत्यापित करा.

पहिला राजवाडा पालघरकडच्या डोंगरात होता. गाडीसमोर सिमेंटचा मिक्सर होता.

केळुसकरांनी सुचवलं की विलंबाचं कारण लेखी कळवावं. ऑस्वल्डनं मदतकक्षाला फोन लावून दिला. तिकडून सांगण्यात आलं की पहिल्या राजवाड्याबाबतची तक्रार पहिल्या राजवाड्यात उभं राहूनच नोंदवता येते. केळुसकरांना हे नियमाला धरून वाटलं. अभिलेख कक्षात त्यांनी स्वतः हरवलेल्या दाखल्याबद्दलच्या अर्जासोबत मूळ दाखला मागितलेला होता.

ऑस्वल्ड मात्र घामाघूम झाला होता. बाईंनी त्याला काय झालं म्हणून विचारलं.

“मॅडम, खरं सांगू? एक जरी ठिकाण चुकलं तर ‘मार्गदर्शक गैरहजर’ पडतं,” तो म्हणाला. “माझी आयडी दोनदा बंद झालेली. तिसऱ्यांदा झाली की कायमची जाते. गाडी पण कंपनीचीच आहे.”

चित्राबाईंनी एकतीस वर्षांत पुष्कळ मुलांना वरच्या वर्गात ढकललं होतं. त्यांनी त्याला शांतपणे विचारलं की आसपास राजवाडा कुठे आहे. ऑस्वल्डनं मान वर केली, डावीकडे बघितलं आणि गाडी वळवली.

तिथे ‘राजगौरव पॅलेस लॉन्स, वातानुकूलित’ होतं. आत कुणाची तरी हळद चालली होती. दाराशी थर्माकोलचे दोन हत्ती, मध्ये सोनेरी कमान. केळुसकर दांपत्य कमानीखाली उभं राहिलं आणि ऑस्वल्डनं फोटो काढला. ॲपनं क्षणभर विचार केला. मग अक्षरं उमटली: ‘ऐतिहासिक राजवाडा सत्यापित. शतक अठरावे. पाहुण्यांचा आनंद एकतीस टक्के. कृपया वाढवा.’

आनंद किमान साठ टक्के असणं बाराव्या अटीप्रमाणे बंधनकारक होतं. केळुसकरांनी ओठ ताणले, आनंद एकोणतीसवर आला. तेवढ्यात मुलीकडच्यांनी त्यांना मुलाकडचे समजून आत नेलं, गालांना हळद लावली, उपमा-शिरा खाऊ घातला आणि केळुसकरांच्या डोक्यावर मानाची टोपी चढवून खांद्यावर टॉवेल टाकला. नवऱ्याची ही मुद्रा पाहून चित्राबाईंना जे हसू फुटलं, ते थर्माकोलच्या हत्तीला धरून उभं राहण्याइतकं. ऑस्वल्डनं त्याच क्षणी बटण दाबलं. आनंद ब्याऐंशी टक्के.

“हे खोटं आहे पण,” गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या.

“खोटं कसं? सत्यापित लिहिलंय,” केळुसकर टोपी न काढता म्हणाले.

घोडबंदर रस्त्याला गाडी तासभरात चारशे मीटर सरकली आणि दुसऱ्या राजवाड्याची वेळ आली. आता शोधावं लागलं नाही. उजवीकडे बत्तीस मजली ‘महाराजा सिग्नेचर पॅलेस, फेज चार’ उभा होता. फाटकावरच्या रक्षकानं फ्लॅट नंबर विचारला. ऑस्वल्डनं सांगितलं, राजवाडा बघायचाय. रक्षकानं ते अगदी योग्य उत्तर असल्यासारखी मान हलवून त्यांना विक्री कार्यालयात पाठवलं.

तिथे प्रीती नावाच्या मुलीनं त्यांना गुलाबपाणी शिंपडून नमुना-सदनिकेत नेलं. हा दरबार, ती म्हणाली. दरबारात तीन माणसं उभी राहिली की चौथ्यानं स्वयंपाकघरात थांबायचं होतं. हा अंतःपुराकडे जाणारा मार्ग. इथे वॉशिंग मशीन बसतं. हा महाराणींचा सज्जा. वाकून डावीकडे बघितलं तर खाडी दिसते. चित्राबाई वाकल्या. पुढच्या इमारतीतले एक आजोबा त्यांच्या सज्ज्यातून उजवीकडे वाकले होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

पलंग पुठ्ठ्याचा होता, हे केळुसकर बसल्यावर कळलं. पुस्तकांच्या कपाटात पुस्तकांच्या पाठी तेवढ्या चिकटवलेल्या होत्या. चित्राबाईंनी इतिहासाच्या शिक्षिकेला शोभेल अशा गांभीर्यानं विचारलं की या घराण्याचा संस्थापक कोण. प्रीतीनं तितक्याच गांभीर्यानं बिल्डरचं नाव आणि त्याच्या दोन्ही मुलांची नावं सांगितली. ॲपनं हा राजवाडा सतराव्या शतकातला ठरवला आणि ‘उत्तम जतन’ असा शेरा मारला. आनंद अठ्ठ्याऐंशी टक्के होता. तो सगळा चित्राबाईंचा होता. केळुसकर अजून पुठ्ठ्यातून बाहेर येत होते.

तिसरा राजवाडा बाईंनी स्वतः शोधला. दुपारी दीडच्या सुमारास त्यांनी खिडकीच्या काचेवर बोट आपटून गाडी थांबवायला लावली. समोर पाटी होती: ‘लक्ष्मी साडी पॅलेस’. आत शिरून त्यांनी नटवलेल्या सात पुतळ्यांसमोर उभं राहून पंचवीस मिनिटांचा तास घेतला. डावीकडची थोरली राणी. हिचा हात तुटला तो उत्तराधिकाराच्या वादात. ही धाकटी, हिला डोकं नाही, पण राज्यकारभारात कुणाच्या ते लक्षात आलं नाही. दुकानातले विक्रेते गाद्यांवर मांडी घालून बसले. दोन गिऱ्हाइकं वहीसाठी पर्स धुंडाळू लागली. ऑस्वल्ड हसता हसता जांभळ्या कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होता, आणि केळुसकर पहिल्यांदाच आपल्या बायकोला शिकवताना बघत होते. तेहेतीस वर्षं ते ऑफिसात असत, ती शाळेत असे. त्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. नियमात कुठे मनाई नाही हे आठवून पाहिल्यावर त्यांनी त्या वाजवल्या.

‘राणीमहाल सत्यापित,’ ॲप म्हणालं. आनंद सत्त्याण्णव टक्के.

आता दोन सागरी नगरे राहिली होती आणि त्यासाठी सहा वाजेपर्यंतचा वेळ होता. ऑस्वल्डचा चेहरा उजळला. तो म्हणाला की राजवाड्यांचं माझ्या हातात नव्हतं, पण समुद्र माझ्याकडे आहे. आता मी तुम्हाला माझ्या गावी नेतो. रस्ता मोकळा होत गेला, भाईंदर मागे पडलं, आणि साडेचारला गाडी उत्तनला त्याच्या एमा मावशीच्या अंगणात थांबली.

मावशी सत्तरीची होती. तिनं जांभळा कोट बघून आधी भाच्याला ओळखलंच नाही. मग तिनं पाहुण्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, तळलेले बोंबील दिले. अंगणापलीकडे बांबूंच्या रांगांवर हजारो बोंबील वाळत होते, त्यांच्यापलीकडे होड्या एका कुशीवर कलल्या होत्या, आणि त्यांच्याही पलीकडे, दूर, चिखलाच्या कडेला, राखाडी रंगाची एक प्रचंड हलती गोष्ट होती.

“पानी लांब गेलंय,” मावशी म्हणाली. “येल परत. कुठं जाईल?”

चित्राबाई उठल्या. चपला काढून त्या चिखलातून चालत गेल्या, घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. पाणी पायाला लागलं तिथे थांबल्या. केळुसकर पँट दुमडून त्यांच्या मागे गेले आणि शेजारी उभे राहिले. ऑस्वल्डनं मागून फोटो काढला.

ॲपनं बराच वेळ विचार केला. ‘समुद्र आढळला नाही. कृपया समुद्रासमोर उभे राहा.’

त्यानं दुसऱ्या बाजूनं फोटो काढला. ‘अस्वच्छ भूखंड आढळला. पाहुण्यांचा आनंद मोजता येत नाही; चेहरे कॅमेऱ्याकडे वळवा.’ त्यानं होडीवर चढून फोटो काढला. ‘हे स्थळ सागरी नगर नाही. आपण सागरी नगरापासून दूर जात आहात.’ अरबी समुद्राला ॲपनं एकूण नऊ वेळा नाकारलं. शेवटच्या वेळी कारणही दिलं: रंग निळा नाही.

केळुसकरांनी मदतकक्षाला फोन केला आणि समुद्र प्रत्यक्ष उपस्थित असल्याचं कळवलं. त्यांना विचारण्यात आलं की समुद्राजवळ तसा काही पुरावा आहे का.

सहाला पंधरा मिनिटं होती. ऑस्वल्ड होडीला टेकून खाली बसला. कोट काढून त्यानं त्याची मांडीवर नीट घडी घातली, परत करायचा असल्यासारखी.

मग केळुसकरांना आठवलं की चहा घेताना मावशीच्या ओटीवरच्या भिंतीला त्यांनी एक चित्र बघितलं होतं. कुठल्याशा परदेशी बेटाचं, भाच्यानंच कधी आणून लावलेलं. शाईसारखं निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेला एकच माड. त्यांनी बायकोला ते सांगितलं. पण त्या चित्रासमोर उभं राहायचं तर ओटीच्या मोठ्या खिडकीकडे, म्हणजे समुद्राकडे, पाठ करावी लागणार होती.

“मी नाही पाठ करणार,” चित्राबाई म्हणाल्या. “आयुष्यात पहिल्यांदा आलेय.”

केळुसकरांनी फक्त होडीकडे बघितलं. चित्राबाईंनीही बघितलं. मग त्या चिखलाच्या पायांनी ओटीवर आल्या, खिडकीकडे पाठ करून भिंतीशी उभ्या राहिल्या आणि मुख्याध्यापकांच्या निरोपसमारंभात हसल्या होत्या तशा हसल्या. ‘सागरी नगर सत्यापित. आनंद शंभर टक्के.’ केळुसकरांनी त्यांना दोन पावलं डावीकडे सरकायला सांगितलं, म्हणजे माड फोटोच्या बाहेर गेला. ‘दुसरे सागरी नगर सत्यापित.’ सहाला चार मिनिटं होती. प्रसन्न बाईनं सहल यशस्वीरीत्या संपन्न झाल्याचं जाहीर केलं आणि ऑस्वल्डला ‘महिन्याचा मानकरी’ केलं.

त्यानंतर भरती आली. ते सगळे अंधार पडेपर्यंत अंगणात बसून राहिले, पण तो भाग सहलीत धरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी चित्राबाईंनी कंपनीला सविस्तर अभिप्राय लिहिला: आम्ही एकही राजवाडा बघितला नाही, समुद्र मात्र बघितला. तो परत आला. कंपनीनं उत्तरात कळवलं की अभिप्राय पुराव्यांशी जुळत नाही. कृपया आपण काय बघितलं ते एकदा तपासून घ्यावं.

मग त्यांनी दोन फोटो सगळ्या ओळखीच्यांना, सोसायटीच्या गटावर, माजी विद्यार्थ्यांच्या गटावर आणि फेसबुकावर पाठवले. एक ओटीवरचा. दुसरा ऑस्वल्डनं मागून काढलेला. राखाडी पाणी, चिखल, दोन वाकलेल्या पाठी. त्याखाली त्यांनी एवढंच लिहिलं, ‘समुद्र’.

दुसऱ्या फोटोला तीन उत्तरं आली. एकानं विचारलं की हा कुठला नाला. एकानं कॅमेरा बदलायला सांगितलं. समीक्षानं लिहिलं, आई, हा चुकून गेलाय का?

पहिल्याला दोनशे चौदा अंगठे आले. त्यांतल्या एकालाही, बेटाच्या मधोमध ठोकलेला खिळा आणि त्यावर टांगलेली मावशीची छत्री दिसली नव्हती. नावांची यादी चित्राबाईंनी सवयीनं हजेरीसारखी वरपासून खालपर्यंत वाचली आहे. तुमचा नंबर एकशे एकोणीस.